कौतुकाचा कागद

११ फेब्रुवारी २०१८, रविवार

मार्नी,

तुझा पत्ता नाताळच्या कार्डावरून घेतला. फोन नंबर ब्रिटाकडे असेल, मी मागितलेला नाही.

थंडी आहे. काल सकाळी ट्रॅक्टर सुरू होईना. पण ते सांगायला हे पत्र नाही.

तुझी बहीण ब्रिटा आता अकरावीत आहे. तू घर सोडलंस तेव्हा ती चौदा महिन्यांची होती, म्हणून मुद्दाम सांगतो. कॉलेजचे अर्ज बारावीत गेल्यावर पाठवायचे, पण नांगरणी-पेरणी सगळी अकरावीतच उरकायची असते असं दिसतं. रोज टपालपेटीत कुठल्या ना कुठल्या कॉलेजचं चकचकीत पुस्तक येऊन पडतं. प्रत्येकात एक झाड आणि झाडाखाली हसणारी चार मुलं. इतकी हसतात तर अभ्यास कधी करतात कोण जाणे.

आता मुद्दा. शाळेतून एक कागद आलाय, पालकांनी भरायचा. मुलांना कॉलेजचा सल्ला देणाऱ्या नव्या बाई आल्यात, सालाझारबाई, टेक्ससच्या. त्या कागदावरून त्या ब्रिटाचं शिफारसपत्र लिहिणार आणि ते प्रत्येक कॉलेजला जाणार. कागदाच्या डोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलंय, "लाजू नका, आपल्या मुलाचं मनसोक्त कौतुक करा!" उद्गारचिन्हासकट. मी तो फ्रिजवर लावून ठेवलाय आणि त्याच्यासमोर जायला नको म्हणून तीन दिवस कॉफी बिनदुधाची पितोय. चाळीस दुभत्या गायींच्या मालकावर ही वेळ.

पहिलाच प्रश्न असा आहे: तुमच्या मुलीचं पाच विशेषणांत वर्णन करा. तिच्याबद्दल सर्वांत अभिमान कशाचा वाटतो, तिनं कुठल्या संकटाला तोंड दिलं, हे त्याच्यापुढचे.

तुझ्या वेळेला हा कागद तुझ्या आईनं भरला असणार. तिनं काय लिहिलं होतं ते तुला ठाऊक असेल तर कळव. दोन ओळी पुरतील. नाही कळवलंस तरी काही बिघडत नाही.

बाबा


४ मार्च, रविवार

मार्नी,

बर्फामुळे टपाल उशिरा पोचत असेल.

मागच्या शनिवारी ब्रिटाची कॉलेजप्रवेशाची परीक्षा झाली. सव्वीस मैलांवरच्या शाळेत सकाळी आठला हजर व्हायचं होतं, म्हणून दूध चारलाच काढलं. ती आत गेल्यावर मी साडेतीन तास गाडीत बसून होतो. बाहेर आली तेव्हा विचारलं, "कशी गेली?" म्हणाली, "बरी." मग आम्ही घरी आलो.

तिनं कॉलेजांची यादी करून फ्रिजवर लावलीय, कागदाच्या शेजारी. पाच नावं आहेत. आपल्या राज्यातलं एक, ते मला माहीत होतं. उरलेली चार कुठे आहेत ते बघायला मी जुना नकाशा काढला आणि एकेका गावावर बोट ठेवलं. चारही पिट्सबर्गच्या अवतीभवती आहेत. तुझ्या घरापासून दोन-अडीच तासांच्या आत. मी तिला काही विचारलेलं नाही. नकाशा घडी करून जागेवर ठेवला.

आणि तो कागद मी भरून टाकला. एकदाचं घोडं गंगेत न्हालं. तुझ्या आईनं कसा भरला असता ते मला जमण्यातलं नव्हतं, मग जे खरं ते लिहिलं:

पाच विशेषणं: बरी आहे. उंच आहे. वेळेवर उठते. तक्रार नाही. पाचवं सुचत नाही.

अभिमान कशाचा वाटतो: आमच्यात अभिमान धरत नाहीत.

संकट: मागच्या जानेवारीत गोठ्याचं दार गोठलं होतं. दोघांनी मिळून उघडलं.

आणखी काही सांगायचंय का: नाही. धन्यवाद.

शेजारच्या वेंडेललाही दाखवला. त्याचा मुलगा ब्रिटाच्याच वर्गात आहे. वेंडेल म्हणाला, "जरा लांबलाय. पण चांगला झालाय." वेंडेलच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळच. कागद ब्रिटाबरोबर शाळेत पाठवला. पाकीट चिकटवलं नव्हतं, लपवण्यासारखं त्यात काय होतं?

लोकांचं बरं असतं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. आपल्या भागात गणित उलटं आहे. दुसऱ्याचा तो बाब्या, आणि आपलं ते कार्टं. पण त्यानं कुणाचं वाईट झालेलं मला आठवत नाही.

बाबा


१८ मार्च, रविवार

मार्नी,

तुझं उत्तर नाही. चालायचंच. तरी लिहितो, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगता येण्यासारखं नाही.

गुरुवारी सालाझारबाईंचा निरोप आला, भेटायला या. शाळेतून निरोप म्हणजे पोरानं कुणाची तरी काच फोडलेली असणार, एवढंच मला माहीत. स्वच्छ टोपी घालून गेलो. बाई तरुण आहेत, बोलतात भरभर. टेबलावर बिस्किटांची बशी होती. म्हणाल्या, "घ्या ना!" मी रीतसर म्हटलं, "नको नको." त्या म्हणाल्या, "बरं," आणि बशी चक्क कपाटावर ठेवून मोकळ्या झाल्या! आता आपल्यात तीनदा विचारतात. पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा कशाला त्रास म्हणायचं, तिसऱ्यांदा अर्धं घ्यायचं. टेक्ससमध्ये एकदाच विचारत असावेत. अर्धा तास मी त्या कपाटाकडे बघत बसलो होतो.

बाईंनी ब्रिटाचा कागद माझ्यापुढे सरकवला. "मिस्टर ब्रेक्के, हे काय लिहिलंत तुम्ही?"

"का? चूक आहे काही?"

"वर्गात पहिल्या तिघांत असलेली मुलगी आहे ही. पहाटे दूध काढून शाळेत येते. आणि तुम्ही लिहिता, बरी आहे?"

मी म्हटलं, "बरी म्हणजे बरी. वाईट कुठे म्हटलंय?"

बाईंनी कपाळावर हात मारला. मग एक गठ्ठा काढला, नावं झाकून. चौदा पालकांचे कागद आले होते, त्यातले अकरा माझ्यासारखेच. एकानं पाचही विशेषणांच्या जागी मिळून लिहिलं होतं, "मुलाचा उपद्रव नाही." नाव झाकलेलं असलं तरी वेंडेलचं अक्षर मी चाळीस वर्षं ओळखतो.

बाई म्हणाल्या, "मला इथे येऊन सात महिने झाले. इथले लोक असेच, हे मला आता कळतं. पण कॉलेजात बसलेल्या माणसाला कसं कळणार? तो म्हणेल, सख्ख्या बापाला पोरीबद्दल चार शब्द सापडले नाहीत, तर आम्ही कुठून शोधू?" मग म्हणाल्या, "कागद तीच घेऊन आली होती. वाचला असावा तिनं. डोळे लाल दिसले मला. पण माझ्या हातात दिला, फेकून नाही दिला." आणि दुसरे कोरे कागद माझ्या हातात ठेवले. पंधरा एप्रिलची मुदत आहे.

घरी येईपर्यंत मला वाटत होतं, बाईंना उगाच बाऊ करायची सवय असेल. ब्रिटानं घरी चकार शब्द काढला नव्हता.

संध्याकाळी गोठ्यात दूध काढताना मी म्हटलं, "बाईंना तो कागद पसंत नाही पडला."

ती म्हणाली, "असं होय."

"काय कमी होतं त्यात, मला तर कळेना."

तेव्हा तिनं हातातली बादली खाली ठेवली, दुधाच्या टाकीच्या खोलीत गेली आणि मे महिन्यातल्या गायींच्या लिलावाची यादी घेऊन आली. मीच लिहून दिलेली. आणि गायींच्या मधे उभी राहून मोठ्यानं वाचायला लागली:

"'मार्नी पाचवी. वय चार. उंच, पाय सरळ, कास उत्तम. डोकं शांत. वादळात वीज गेली तरी बावरत नाही. आजारी वासराजवळ आपण होऊन जाऊन उभी राहते. अशी गाय वीस वर्षांत एखादी मिळते. विकायला मन होत नाही.'" यादी खाली करून ती माझ्याकडे बघत राहिली. "बाबा, माझ्या वाट्याला फक्त 'उंच' आलंय. आणि तेही तुम्ही तिला आधीच देऊन टाकलंयत."

मी म्हटलं, "अगं, गायीचं वेगळं. घेणाऱ्याला कळायला नको का, काय घेतोय ते?"

"मग मला घेणाऱ्याला नको कळायला?" म्हणाली आणि बादली उचलून पुढच्या गायीकडे गेली.

ब्रिटा चिडून बोललेली मी सोळा वर्षांत दुसऱ्यांदा ऐकली.

एक गोष्ट तुला माहीत नसणार, ती यात सांगून बसलो आहे. तू गेलीस त्या आठवड्यात एक कालवड झाली होती. तिचं नाव मार्नी ठेवलं. मग तिच्या कालवडीचं मार्नी दुसरी. आता पाचवी चालू आहे.

बाबा


८ एप्रिल, रविवार

मार्नी,

तुझं कार्ड मिळालं. पुलाचं चित्र छान आहे. हा तू नोकरीत तपासलेल्या पुलांपैकी का, ते लिहिलं नाहीस. मजकूर मी तीन-चारदा वाचला. आठ शब्दांना तेवढा वेळ लागू नये, पण लागला. "गायीला माझं नाव दिलंत? आणि आता तिला विकताय?"

नाही विकत. यादीतून नाव काढलं. लिलाववाला कुरकुरला, कुरकुरू दे.

ईस्टरला चर्चमध्ये पाद्रीबाबांना विचारलं, पोरीचं कौतुक करणं हे गर्वात मोडतं का? ते म्हणाले, "हार्लन, तुझ्याकडून त्या पापाचा धोका मला फारसा दिसत नाही." लोक हसले. मीही हसलो, पण ते मनाला लागलं.

कोरा कागद घेऊन स्वयंपाकघरात तीन संध्याकाळी बसलो. एक अक्षर उमटलं नाही. चौथ्या दिवशी तो उचलून दुधाच्या टाकीच्या खोलीत नेला. गायींच्या नोंदी मी तिथेच उभ्यानं लिहितो. तिथे जमलं. काय लिहिलं त्यातलं थोडं तुला पाठवतो, कारण तू तिला फारशी ओळखत नाहीस, आणि ती तुझ्या बाजूला येऊ बघतेय.

"पाच विशेषणं: दमदार. हट्टी. विनोदी (हे कळायला लोकांना वेळ लागतो). खरी. धीट.

"संकट: ती बारा वर्षांची असताना तिची आई आजारी होती. फेब्रुवारीत एकदा मला दोन दिवस शहरातल्या इस्पितळात राहावं लागलं. शेजारी सकाळ-संध्याकाळ दूध काढून जात. मधल्या वेळात एक गाय अडली. पोरीनं फोन केला नाही, मी आईजवळ आहे म्हणून. वासराचे पुढचे दोन पाय हाताला लागल्यावर दोरी बांधली आणि एकटीनं ओढून काढलं. बाहेर इतकी थंडी होती की वासराचे कान गोठले असते, म्हणून आपल्या आईची लोकरी टोपी त्याला घातली. मला हे तिनं सांगितलं नाही. परत आल्यावर गोठ्यात एक वासरू जास्त दिसलं, डोक्यावर टोपी. नोंदवहीत बघितलं. तिनं लिहिलं होतं, 'कालवड झाली. बरी आहे.'

"हा शब्द ती माझ्याकडून शिकली. दुसरा शब्द मी तिला दिला नाही, म्हणून तिच्याजवळ नव्हता. तिला कॉलेजात पाठवायचं ते या कारणासाठीही."

ती कालवड म्हणजे मार्नी पाचवी.

पाकीट मी या खेपेलाही चिकटवलं नाही, पण आता मुद्दाम. सालाझारबाई म्हणाल्या, वाचताना त्यांना दोनदा चष्मा पुसावा लागला. दुसऱ्या दिवशी माझ्या कॉफीच्या कपाशेजारी ब्रिटानं लिंबाच्या वडीचा तुकडा ठेवलेला होता, तुझी आई करायची तसल्या वडीचा. अर्धा नव्हे, अख्खा.

आता एक कबूल करतो. पहिल्या कागदावर "बरी आहे" लिहिताना माझ्या मनात नुसता संकोच नव्हता. नकाशा मी त्याच्या आदल्याच दिवशी बघितला होता. वाटलं, एवढंच लिहिलं तर लांबची कॉलेजं तिला घेणार नाहीत, जवळचं घेईल. एवढंच वाटलं, क्षणभर. पण वाटलं, आणि तसाच कागद पाठवला. ब्रिटाला मी हे सांगितलेलं नाही. तुला सांगतोय, कारण एका मुलीला तर मी गमावून बसलोच होतो.

बाबा


२० मे, रविवार

मार्नी,

तुझं पत्र आलं. चार पानी. ब्रिटानं तिच्यापुरतं वाचलं आणि पायऱ्या चढून वर गेली, मग वरून उड्या मारल्याचा आवाज आला. नऊ जूनला तू येणार, तिला घेऊन जाणार, चारही कॉलेजं दाखवणार, हे ठरलं म्हणायचं. तिनं आत्ताच बॅग भरायला काढलीय. एका आठवड्याच्या प्रवासाला तीन स्वेटर, तेही जूनमध्ये. पिट्सबर्गला जूनमध्ये थंडी असते का, हे तूच तिला सांग, माझं ऐकत नाही.

परीक्षेचे गुण आले. छान आहेत. हे मी तिला तोंडावर सांगितलं, "छान आहेत." ती म्हणाली, "बाबा, बरं वाटत नाहीय का तुम्हाला?"

तुझ्या तिसऱ्या पानावर आलेला प्रश्न मी टाळणार नव्हतो, पण पेरणी चालू होती. तू विचारलंस, "माझ्या वेळचा कागद आईनं भरलेला मी वाचला होता. त्यात तिनं तिला काय वाटतं तेच लिहिलं होतं, तुमचा उल्लेख नव्हता. तुम्ही काय लिहिलं असतंत?"

सालाझारबाईंनी दोन कोरे कागद दिले होते. एक उरला होता. आज सकाळी चर्चला न जाता तो भरला. सोबत जोडतोय, पण कागद टपालात हरवतात, म्हणून इथेही उतरवतो.

विद्यार्थिनीचं नाव: मार्नी ब्रेक्के.

पाच विशेषणं: हुशार. निडर. काटेकोर (नऊ वर्षांची असताना ओढ्यावरच्या फळीच्या पुलाला आपण होऊन तिसरा खांब लावला, कारण दोनांवर तिचा भरवसा नव्हता). मायाळू. पाचवं: माझी.

अभिमान कशाचा वाटतो: सगळ्याचा.

संकट: तिचा बाप.

आणखी काही सांगायचंय का: हो. २००२ च्या एप्रिलमध्ये तिला कॉलेजनं घेतल्याचं पत्र आलं. तिनं ते स्वयंपाकघराच्या टेबलावर माझ्यापुढे ठेवलं. मी वाचलं आणि म्हणालो, "बरंय. पेट्रोल बरंच लागेल तिकडे जायला." मग टोपी घातली आणि दूध काढायला गोठ्यात गेलो. तिच्या लक्षात आलं नसेल, पण दुपारचे तीन वाजले होते. दूध काढायला अजून दोन तास होते. ते दोन तास मी गायींच्या मधे उभा राहून रडलो, आनंदानं आणि ती जाणार म्हणून. मग तोंड धुऊन दूध काढलं. जेवताना कुणी काही विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

कागद इथे संपतो. आता तुझ्या आईच्या दफनाचा दिवस. तू अठरा तास गाडी चालवत आलीस आणि मी विचारलं, "गाडी नीट चालली ना?" त्यावर तू जे बोललीस ते बरोबर होतं. मग चर्चच्या तळघरात सगळे कॉफीला खाली निघाले तेव्हा मी म्हटलं, "कॉफी घेणार?" तू म्हणालीस, "नको," आणि मी मान हलवली. तू गाडीकडे गेलीस. मी जिन्यात उभा होतो. तू इथेच वाढलीस. एकदा विचारणं म्हणजे विचारणंच नव्हे, हे तुलाही माहीत आणि मलाही. चार वर्षं मी विचारायच्या त्या उरलेल्या दोन वेळा घेऊन हिंडतोय.

नऊ तारखेला तू ब्रिटाला लगेच घेऊन निघायचं म्हणतेस, उजेड असेपर्यंत विस्कॉन्सिन पार करायचं म्हणून. समजतं मला. तरी कॉफीला थांब.

कशाला त्रास, असं म्हणशील. त्रास नाही. थांब.

लिंबाच्या वड्या ब्रिटा करणार आहे. मार्नी, थांब ना गं.

बाबा